शून्य ते दहा

"वांग्यात उघडून बघितलंस का?" इरफाननं विचारलं.

"बघितलं. तेच दिसतंय."

"मग नाहीच ते पीक."

"नाही कसं? रेणूत ओएच आहे, तर कागदावर दिसायला नको?"

"दिसायला पाहिजे ताई. दिसत नाही. परीक्षकबाईंचं पण तेवढंच म्हणणं आहे."

इरफान मुजावर माझ्यापेक्षा वयानं लहान, पण लॅबमध्ये मला सीनियर. मी बाळंतपणात घरी होते तेवढ्यात त्याचा प्रबंध सादर होऊन गेला होता. आता तो तोंडी परीक्षेची वाट बघत होता, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या टेबलांना टेकून चहा पीत होता.

वांगं म्हणजे आमच्या लॅबचं सॉफ्टवेअर. त्याला खरं नाव होतं, चांगलं भारदस्त विलायती. पण आमच्याकडची प्रत पूर्वी कुणीतरी इंटरनेटवरून उतरवलेली, कुलूप तोडलेली. उघडली की पडद्यावर आधी झळकायचं, की सदर सॉफ्टवेअर कुणा वांग नावाच्या गृहस्थांच्या मालकीचं आहे. हे वांग कोण, कुठले, आम्हाला ठाऊक नव्हतं. आपल्या नावावर सांगलीतली एक अख्खी लॅब पीएचड्या करतेय हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसणार. इरफाननं त्याचं वांगं केलं आणि ते रुळलं. 'वांग्यात टाक', 'वांगं अडकलंय', आणि कॉम्प्युटर भरला की 'भरलं वांगं'.

एनएमआर म्हणजे, फार खोलात न जाता सांगायचं तर, हजेरी. नमुना मशीनमध्ये घातला की रेणूतला प्रत्येक हायड्रोजन आपापल्या जागेवरून 'हजर' म्हणतो आणि कागदावर तिथं एक सुळका उठतो. त्याला पीक म्हणायचं. जागा आकड्यांनी ओळखायच्या. शून्य उजवीकडं, आणि आकडे डावीकडं वाढत जातात. मशीनमधून येतो तो नुसता कच्चा गोंगाट. त्याचं चित्र, म्हणजे स्पेक्ट्रम, करायचं काम सॉफ्टवेअरचं.

माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका संयुगावर उभा होता. ते जंतू मारत होतं. प्रयोगशाळेतल्या थाळीवर त्याचा थेंब टाकला की भोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं पडायचं. त्या कड्याचा फोटो मी लॅपटॉपवर लावून ठेवला होता. आणि त्या दिवशी सकाळी विद्यापीठाकडून परीक्षकांचा शेरा आला. संयुगात ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचा, गट असल्याचा दावा आहे, स्पेक्ट्रममध्ये त्याचं पीक कुठंही नाही, तरी पूर्ण स्पेक्ट्रम नव्यानं काढून द्यावा आणि तो कोणत्या सॉफ्टवेअरवर काढला त्याचं नाव लिहावं. समाधान न झाल्यास ते प्रकरण प्रबंधातून वगळावं. ते वगळलं तर मागं उरत होती प्रस्तावना आणि आभार. माझी नोंदणीची मुदत आधीच एकदा वाढवून झालेली. दुसऱ्यांदा वाढत नाही.

"सॉफ्टवेअरचं नाव काय लिहू?" मी म्हटलं. "श्रीयुत वांग यांच्या सौजन्यानं?"

"ते एक अवघडच आहे," इरफान म्हणाला. "दुसरं काहीतरी शोध बाई."

*

घरी रेवा आत्यांच्या मांडीवर होती आणि स्वतःचा कान ओढत होती. मी पर्स खाली ठेवायच्या आधी तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप न्हाई," आत्या म्हणाल्या. "मी बघितलंय."

"कान का ओढतेय मग?"

"दात येत्यात. तुझ्या नवऱ्यानं तर कानाचं रक्त काढलं होतं."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. माझा प्रबंध मार्गी लागेपर्यंत म्हणून त्या तासगावजवळच्या मळ्यातून येऊन राहिल्या होत्या. विक्रांत, माझा नवरा, कोकणात लोट्याला कंपनीत. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. पण द्राक्षं उतरायला लागली होती, पाडव्याला बेदाण्याच्या शेडवर आत्यांशिवाय पान हलत नसे, आणि मामा, म्हणजे सासरे, रोज संध्याकाळी फोन करून एकच प्रश्न विचारत. आत्या दरवेळी म्हणत, "पोरीचं झालं की येते." पोरगी म्हणजे मी.

त्या दिवशी मी विक्रांतला फोनवर सांगत होते, "अहो, मुख्य पीकच गेलंय, काय करायचं आता?" तर आत्या झोळी हलवता हलवता थांबल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "कुणाचं पीक गेलं गं?"

"माझं, आत्या."

"तुझं कसलं पीक?"

मी त्यांना समजावून सांगितलं, जमेल तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग मशीनवाल्याकडं जाऊन विचार की, कुठं गेलं म्हणून. घरात बसून काय सापडतंय?"

*

सॉफ्टवेअर शोधायचं म्हणजे लग्नाला मुलगी बघण्यासारखं झालं. एक विकतचं होतं. त्याला कॉलेजची मंजुरी मिळेपर्यंत दिवाळी आली असती. त्याचीच महिनाभर फुकट वापरायची प्रत होती, पण त्यातून छापलं की कागदावर आडवी, ढबू अक्षरांत 'चाचणी प्रत' अशी पाटी उमटायची. एक मशीनच्या कंपनीचंच होतं, शिक्षणसंस्थांना फुकट. पण त्यांना संस्थेचा मेल लागायचा, आणि आमच्या कॉलेजचा अधिकृत मेल जीमेलवर. तीनदा अर्ज केला, तीनदा यंत्रानं नम्रपणे नाकारला. शेवटी राहिलं ते परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या दोघातिघांनी हौसेनं लिहिलेलं. काळा पडदा, हिरवी रेघ, बटणांवर चित्रं नाहीत, नुसती तुटक इंग्रजी अक्षरं. उतरवताना अँटिव्हायरसनं दोनदा धमकी दिली. मी रेवाकडं बघत, श्वास रोखून 'तरीही चालू ठेवा' दाबलं.

ते सुरू झालं आणि माझ्या फाइलींना हात लावेना.

त्याला हवा होता कच्चा डेटा, मशीनमधून निघालेला. तो लॅबमध्ये कुणाकडंच नव्हता. आमच्याकडं पद्धत होती: डेटा आला की वांग्यात घालायचा आणि सरांचा साचा लावायचा. साचा म्हणजे आमच्या मार्गदर्शक नाईकवडी सरांनी बसवून दिलेली मांडणी. अक्षर एवढं, रेघ इतकी जाड, पट्टा शून्य ते दहा. बाकीचं कापलं जायचं. साचा लावलेली फाइल ठेवायची, कच्चं फोल्डर पुसायचं, नाहीतर भरलं वांगं. नवीन मुलगा आला की त्याला पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचं. मलाही असंच शिकवलं होतं. आणि ओएच दिसला नाही की सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "ओएच लाजाळू असतो. नमुन्यात पाणी दिसलं की पळतो." सगळे हसायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे.

मशीन विद्यापीठात होतं. तिथल्या हेरवाडे मॅडमना मी फोन लावला.

"रॉ डेटा?" त्या म्हणाल्या. "तुमच्या लॅबनं आजवर कधी मागितला नाही."

"आत्ता लागतोय मॅडम. मिळेल का?"

"अजून आहे. पण सर्व्हर रिकामा करायला घेतलाय. आज सांगितलंत म्हणून बरं."

"एवढंच होतं का माझं? म्हणजे दहापर्यंतच..."

"दहापर्यंत काय? मशीन सगळ्यांचं सोळापर्यंत घेतं."

"मग ते सगळं पाठवा मॅडम," मी म्हटलं. 

*

दुपारी आत्या पथारीवर पडल्या होत्या. झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्यात होती, मांडीवर लॅपटॉप. फोल्डर उतरायला फार वेळ लागला. मध्येच नेट गेलं, पुन्हा पहिल्यापासून. रेवा झोपेत नाक फुरफुरवत होती. मी मध्येच वाकून तिच्या नाकाशी हाताची पाठ धरली. आत्या डोळे न उघडता म्हणाल्या, "चालतोय श्वास. किती वेळा बघशील?"

फोल्डर उघडलं. एक आज्ञा दिली आणि काळ्या पडद्यावर डावीकडून हिरवी रेघ निघाली. सोळा, पंधरा, चौदा, सगळं सपाट. आणि तेराच्या जरा पुढं एक पीक. बारीक, ताठ, एकटं.

ओएच पळाला नव्हता. तो लाजाळूही नव्हता. शेजारच्या नायट्रोजननं त्याला धरून ठेवलं होतं, म्हणून तो इतक्या लांब डावीकडं जाऊन उभा होता. आणि आम्ही त्याला दरवेळी कापून टाकत होतो.

मी तोंडावर हात दाबून हसले. झोळीला झोका जरा जोरात बसला. मग मी रेघ पुढं बघायला लागले, कारण मला सवय आहे. पोरीच्या अंगावर एक पुटकुळी दिसली की मी सगळं अंग तपासते.

दहाच्या जरासं पलीकडं अजून एक पीक होतं. छोटं. आणि अकराच्या अलीकडं एक पसरट, बसकं.

मी इरफानला फोन लावला.

"सापडला," मी म्हटलं. "तेरावर."

"काय सांगतेस. तेरावर?" तो इतका खूश झाला की मागं कुणाला तरी ओरडून सांगितलं. "अगं मग झालं की. पेढे."

"इरफान, दहाच्या पुढं पण आहे काहीतरी."

"काय?"

"दहा-पंचवीसच्या आसपास. आणि अकराच्या अलीकडं पसरट."

 त्याच्याकडचा पंखा ऐकू यायला लागला.

"सॅलिसिल," तो म्हणाला.

"हो."

सॅलिसिल म्हणजे ज्यापासून आम्ही संयुग बनवत होतो तो मूळ पदार्थ, सॅलिसिलाल्डिहाइड. कडू बदामाच्या वासाचा, तेलकट. तो सगळा वापरला जायला हवा होता. माझ्या नमुन्यात तो शिल्लक होता. आणि तो स्वतःच जंतू मारतो, हे पुस्तकात लिहिलेलं आहे.

"किती आहे?" इरफाननं विचारलं.

"मोजलं नाही अजून."

"मोजू नकोस."

मी मोजलं. जवळजवळ दहाला एक.

त्यानंतर मला फोटोतल्या त्या स्वच्छ कड्याकडं बघवेना. ते कडं माझ्या संयुगानं पाडलं होतं, की त्यातल्या त्या उरलेल्या दहाव्या हिश्शानं?

*

नाईकवडी सरांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढून घेतला आणि चष्मा कपाळावर चढवला. तेरावरचं पीक बघून ते मनापासून खूश झाले. "बघ, मी सांगत होतो, रचना बरोबर आहे." मग त्यांची नजर उजवीकडं सरकली.



"आमच्या वेळी मशीनचा कागदच छापील यायचा," मग ते म्हणाले. "हिरव्या चौकटींचा. शून्यापासून दहापर्यंत. दहाच्या पुढं कागदच नव्हता. पुढचं बघायचं तर बटण फिरवून वेगळी रेघ काढायला लागायची. कोण काढतंय. आम्लं असली तरच." ते थोडं हसले. "मी साचा केला तेव्हा तोच कागद डोळ्यांपुढं होता बहुतेक."

"मग काय करू सर?"

"परीक्षकांनी काय मागितलंय?"

"पूर्ण स्पेक्ट्रम."

"ओएच मागितलाय. तो द्यायचा. खाली शून्य ते दहा ठेव, नेहमीचा. वर कोपऱ्यात एक चौकट काढ, त्यात साडेबारा ते चौदा. असं सगळेच देतात, त्यात काही चूक नाही."

"मधलं?"

सरांनी चष्मा खाली घेतला. "हे बघ अस्मिता. ताटात न मागितलेलं वाढू नये. तू लेकुरवाळी आहेस, तुझी मुदत संपत आलीय. मी तुझ्या काळजीनं सांगतोय."

ते काळजीनंच सांगत होते. म्हणून तर मला तिथून उठता येईना.

बाहेर इरफान होता. "माझ्याकडं दे," तो म्हणाला. "त्या काळ्या पडद्यात चौकट करता येत नाही. वांग्यात दोन मिनिटांचं काम. नाव त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचं लिही. कुणाला कळतंय?"

"तू केलं असतंस?"

"मला विचारूच नको. माझा प्रबंध गेलाय पुढं. माझं सगळं शून्य ते दहाच आहे." तो हे हसून म्हणाला, पण कपातला चहा त्यानं बेसिनमध्ये ओतला.

*

मी चौकट करून बघितली. खोटं कशाला सांगू. घरी वांग्याची प्रत नव्हती म्हणून दोन चित्रं कापून एकाशेजारी एक चिकटवली. सुंदर दिसत होतं. कुणालाही पटलं असतं.

ती फाइल जोडून मी मेल लिहायला घेतला, आणि मला काही केल्या तो पाठवता येईना. परीक्षकबाई कधीतरी विचारतील, दहा ते साडेबारात काय आहे? आज नाही विचारलं तर तोंडी परीक्षेत विचारतील. तेव्हा नाही तर कुणीतरी पाच वर्षांनी विचारेल. कुणी नाहीच विचारलं, तर मला रोज वाटत राहील की आज कुणीतरी विचारणार. लपवायला जो निवांत स्वभाव लागतो तो माझ्यात नव्हता. ज्या बाईला झोपलेल्या पोरीचा श्वास तासातासाला तपासल्याशिवाय चैन पडत नाही, तिला आयुष्यभर एक कापलेली जागा सांभाळणं कसं झेपणार होतं?

आत्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "तोंड का असं झालंय? सापडलं ना तुझं पीक?"

"सापडलं. त्याच्यात तण पण सापडलं."

"मग भांगलायचं की. त्यात काय रडायचं?"

"वेळ नाही आत्या. तुम्ही पाडव्याला जाणार."

त्या मेथीच्या काड्या मोडत राहिल्या. संध्याकाळी मामांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मला एवढंच ऐकू आलं: "न्हाई, पाडव्याला न्हाई जमायचं. तुमचं तुम्ही बघा. काय? मग राहू दे वाळत."

*

मी ते संयुग पुन्हा गरम अल्कोहोलमध्ये विरघळवलं, थंड केलं, गाळलं. पुन्हा तेच. ९२ टक्के म्हणून मिरवलेलं उत्पादन घटून पन्नाशीवर, म्हणजे दुसऱ्या वर्गात आलं. पण बाटलीचा कडू बदामी वास गेला. तो वास मला इतके दिवस संयुगाचाच वाटत होता. हेरवाडे मॅडमनी नमुना रांगेत पुढं घेतला आणि न मागता कच्चं फोल्डर पाठवलं. काळ्या पडद्यावर रेघ निघाली: तेरावर ओएच ताठ, आणि दहाच्या पलीकडं सपाट. इतकी सपाट की मी ती मोठी करकरून बघितली.

मग तो नमुना आमच्याच कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्राची माळीकडं दिला. पहिलं कडंही तिच्याच थाळीत पडलं होतं. सोबत सॅलिसिलची बाटलीही दिली.

"हे कशाला?" प्राचीनं विचारलं.

"शेजारी एक थेंब याचाही टाक. मला फरक बघायचाय."

दुसऱ्या दिवशी तिनं थाळी उजेडाकडं धरली. रेवाला मी कडेवर घेऊन गेले होते, आत्यांना दवाखान्यात जायचं होतं म्हणून. सॅलिसिलच्या थेंबाभोवती स्वच्छ, गोल कडं होतं. माझ्या शुद्ध संयुगाभोवती जंतू थेट थेंबाच्या कडेपर्यंत वाढले होते. दाट, पिवळसर, खुशाल.

"काही नाही गं याला," प्राची म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "परत करायची का?"

"कर. पण तसंच येईल."

रेवानं थाळीकडं हात केला. मी तिचा हात धरला.

तीन वर्षं मी ज्याला औषध म्हणत होते ते औषध नव्हतं.

*

परीक्षकांना द्यायचं उत्तर मी दोन पानांत लिहिलं. रचना बरोबर आहे, पुरावा सोबत. सॉफ्टवेअर अमुक, फुकट मिळणारं, कच्च्या डेटासह. पूर्वीच्या स्पेक्ट्रममध्ये दहाच्या पुढचा भाग आलेला नव्हता. त्या भागात अशुद्धी आढळली. शुद्ध संयुगाची जंतूंवर काहीही क्रिया नाही, तरी प्रबंधातला तो दावा मागं घेत आहे. शेवटी मी लिहिलं होतं, हे सगळं 'प्लॉट काढताना झालेल्या चुकीमुळे'.

त्यावर मार्गदर्शकाची सही लागत होती. सरांनी उभ्याउभ्याच वाचलं, मग बसून परत वाचलं.

"दावा मागं घेतलास तर प्रबंधात काय उरलं?"

"संयुग उरलं सर. नवीन आहे. कुणी केलेलं नाही."

"निरुपयोगी."

"हो."

"माझे या मालिकेवर पेपर आहेत. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"ही 'प्लॉट काढताना झालेली चूक'," त्यांनी पेनाचं टोक तिथं टेकवलं, "कुणाची?"

मला वाटलं, आता ते 'माझी' म्हणतील. मी वाट बघितली. त्यांच्या टेबलावर काचेखाली एक जुना फोटो होता, तरुण सर आणि एक कपाटाएवढं मशीन.

"माझी लिहिलीय," मी म्हटलं. "उत्तराखाली नाव माझंच आहे."

सरांनी मान हलवली, सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "बरं," ते म्हणाले. एवढंच.

मी ते उत्तर त्याच दिवशी पाठवलं. आत्या त्या आठवड्याच्या शेवटी गेल्या. बेदाणा थोडा काळवंडला होता असं नंतर कळलं, पण मला त्यांनी सांगितलं नाही, विक्रांतनं सांगितलं. मी रेवाला घेऊन घरी बसले आणि रोज मेल उघडून बघत राहिले. उन्हाळा सरता सरता विद्यापीठाचं पत्र आलं. परीक्षकांचं समाधान झालं होतं. 'न लागू पडणारा निकालही निकालच असतो,' असं त्यांनी हातानं लिहिलं होतं, आणि तोंडी परीक्षेला बोलावलं होतं. मी पास झाले. अशा पदवीला पेढे वाटतात की नाही, मला कळेना. विक्रांतनं वाटले.

*

याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवसांचं विचारणाऱ्यांना वाटतं मी परीक्षेच्या दिवसाबद्दल सांगेन. मला आठवतो तो त्याच्या नंतरचा एक रविवार.

सकाळची वेळ. रेवाला मी नाचणीची लापशी भरवत होते आणि ती तोंड फिरवत होती. दारात इरफान. त्याची तोंडी परीक्षा आधीच होऊन गेली होती, पदवी हातात होती, आणि हैदराबादच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली होती, त्याच्या संयुगाच्या जोरावर. ते माझ्या संयुगाचंच भावंड. सॅलिसिलपासूनच केलेलं.

मला वाटलं निरोप घ्यायला आला असेल. मी चहा ठेवते म्हटलं.

"चहा नको," तो म्हणाला.

यापूर्वी त्यानं चहाला नको म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

तो खुर्चीच्या टोकाला बसला. रेवानं त्याच्याकडं बघून हात पसरले. त्यानं तिला घेतलं आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"हेरवाडे मॅडमकडं गेलो होतो परवा. त्यांनी सर्व्हर रिकामा केला त्याच्या आधी सगळ्यांचं काढून ठेवलंय. माझं पण निघालं."

"उघडून बघितलंस?"

"माझ्याकडं ते काळं सॉफ्टवेअर नाही."

"फुकट आहे ते. पाच मिनिटांत उतरतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. रेवानं त्याचा चष्मा ओढला, त्यानं ओढू दिला. "ताई, परवा दिवशी जॉइन व्हायचंय मला. तिथं ते हेच संयुग बनवणार आहेत, मोठ्या प्रमाणावर. पहिलं काम मला हेच दिलंय."

"मग आधी जॉइन हो. मग बघ."

मी हे का म्हटलं मला माहीत नाही. कदाचित कुणीतरी मला तसं म्हणायला हवं होतं म्हणून.

 बाहेर भंगारवाला ओरडत गेला. रेवा त्याच्या खांद्यावर लापशीचं तोंड पुसत होती आणि त्याचं लक्ष नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "तू उघड. माझ्याच्यानं उघडवत नाही."

मी लॅपटॉप ओढला. पेन ड्राइव्ह लावला, फोल्डर निवडलं. काळा पडदा आला. मी बोट बटणावर ठेवून त्याच्याकडं बघितलं. त्यानं रेवाला छातीशी धरलं होतं आणि तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"उघडू?"

"उघड."

हिरवी रेघ डावीकडून निघाली. सोळा, पंधरा, चौदा. तेरावर त्याचा ओएच, अगदी माझ्यासारखा, ताठ.

"तेरावर आहे," मी म्हटलं. "तुझी रचना बरोबर आहे."

"पुढं सांग," इरफान म्हणाला. त्यानं मान वळवली नाही.

बारा सपाट होतं. रेघ अकराकडं, सॅलिसिलच्या जागेकडं, येत होती.